शनवार तेली : कोकणातील बेने इस्राएलांचे मूळ आणि पूर्वेतिहास

जून महिन्यात शाळेत नवा मुलगा दाखल झाला की आपण त्याला प्रथम नाव विचारतो आणि लगेच दुसरा प्रश्न करतो, "मूळचे कोठले?" आपल्या बऱ्हाणपुरात या प्रश्नाला "येथलेच" असे उत्तर देणारी घरे थोडी. कोणी खानदेशातून आले, कोणी वऱ्हाडातून, कोणी गुजरातेतून, कोणी उत्तर हिंदुस्थानातून. प्रस्तुत लेखकाची मातृभाषा कोंकणी, शिक्षण मराठीतून झालेले आणि नोकरी हिंदी भाषिक राज्यात. त्यामुळे हा प्रश्न मलाही वर्षातून दहा वेळा ऐकावा लागतो. ज्यांनी हे शहर वसविले, त्या फारुकी सुलतानांनाही हा प्रश्न चुकला नव्हता. आपला वंश खलिफा उमर फारुक यांच्यापासून निघाला असे ते सांगत, आणि त्यावरूनच त्यांच्या घराण्याला फारुकी हे नाव मिळाले.

यंदा इतिहासाच्या तासाला प्राचीन संस्कृतींचा धडा चालू असता एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, हिब्रू लोक आपल्याकडे कधी आले होते का?" प्रश्न चांगला होता. तासाच्या पाच मिनिटांत त्याचे उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून ते येथे सविस्तर देत आहे. हिब्रू लोकांची एक शाखा आपल्याकडे आली, कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिली, आणि घरीदारी आपल्यासारखीच मराठी बोलली. त्यांना 'बेने इस्राएल' असे म्हणतात.

'बेने इस्राएल' या हिब्रू शब्दांचा अर्थ 'इस्राएलची मुले' असा आहे. बायबलच्या जुन्या करारात याकोब नावाच्या कुलपुरुषाला इस्राएल हे दुसरे नाव मिळाल्याची कथा आहे. त्याचे बारा पुत्र म्हणजेच इस्राएलाचे बारा वंश. मात्र कोकणातील त्यांच्या शेजाऱ्यांना हे नाव ठाऊक नव्हते. त्यांनी या लोकांना आपल्या परीने एक नाव दिले होते : 'शनवार तेली'. आजच्या रायगड जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या कुलाब्यातील गावोगाव हे लोक तेलाचा घाणा चालवीत. इतर तेल्यांचे घाणे शनिवारी चालू असत, यांचा मात्र बंद असे. एवढाच फरक शेजाऱ्यांच्या नजरेत भरला, आणि तेच त्यांचे नाव होऊन बसले.

हे लोक येथे आले कसे? त्यांची स्वतःची परंपरा अशी आहे की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत चौल बंदराच्या परिसरात वादळात सापडून फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या जीव वाचवून अलिबागजवळच्या नवगाव येथे किनाऱ्याला लागल्या. समुद्राने जी प्रेते बाहेर टाकली ती तेथेच पुरण्यात आली. धर्मग्रंथ, चीजवस्तू, सारे पाण्यात गेले. उरलेल्या सात जोडप्यांपासून पुढे सारा समाज वाढला. नवगाव येथे त्या पूर्वजांचे स्मारक आज उभे आहे.

ही कथा खरी की कल्पित, असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. त्याचे उत्तर देण्यापूर्वी जरा मागे, मूळ हिब्रूंच्या आरंभकाळाकडे गेले पाहिजे. कारण तेथेही हाच प्रश्न अगदी याच स्वरूपात उभा राहतो.

जुन्या कराराप्रमाणे हिब्रूंचा आदिपुरुष अब्राहाम हा ऊर नगरातून निघाला, हारान येथे काही काळ राहिला आणि नंतर कनान देशात, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रदेशात आला. 'हिब्रू' या शब्दाचा संबंध 'ओलांडून येणे' या अर्थाच्या धातूशी अनेक जण जोडतात. अब्राहामाचा पुत्र इसहाक, त्याचा याकोब. दुष्काळामुळे याकोबाचे कुटुंब ईजिप्तमध्ये गेले. तेथे त्याच्या वंशजांना दास्य भोगावे लागले. मोशेने त्यांना त्या दास्यातून सोडवून वाळवंटातून परत आणले. पुढे शौल, दावीद आणि शलमोन हे राजे झाले. शलमोनाने यरुशलेम येथे मंदिर बांधले. त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ९३० च्या सुमारास, उत्तरेस इस्राएल आणि दक्षिणेस यहूदा अशी दोन राज्ये झाली. ही झाली परंपरा.

आता पुरावा पाहू. ईजिप्तमधील थीब्ज येथे १८९६ मध्ये फ्लिंडर्स पेट्री या संशोधकाला एक मोठी कोरीव शिळा सापडली. मर्नेप्ताह नावाच्या राजाने इ. स. पू. १२०८ च्या सुमारास आपल्या विजयांची हकीकत तीवर कोरविली होती. तीत इस्राएलचे नाव आहे. त्या नावापुढे जे चिन्ह कोरले आहे ते देशाचे नसून लोकसमूहाचे आहे, असे ईजिप्ती लिपीचे जाणकार सांगतात. गंमत अशी की, हे लोक समूळ नष्ट झाले आहेत, अशी बढाई त्या राजाने मारली आहे. ज्या लेखात एका लोकसमूहाचा बहुधा पहिला उल्लेख सापडतो, त्याच लेखात तो समूह संपला असे लिहिलेले असावे, हा इतिहासातील विलक्षण योगायोग होय.

त्याच सुमारास कनानमधील डोंगराळ मुलखात शेकडो लहान लहान वस्त्या नव्याने उठल्याचे उत्खननांत आढळले आहे. तेथील मातीची भांडी आसपासच्या कनानी लोकांच्या भांड्यांसारखीच आहेत. हिब्रू भाषाही कनानी बोलींची सख्खी बहीण आहे. मराठी आणि कोंकणी यांत जे नाते दिसते, तसेच काहीसे ते नाते. उलट, लाखो लोक ईजिप्तमधून वाळवंट तुडवीत आल्याच्या खुणा मात्र उत्खननात मिळालेल्या नाहीत. त्यामुळे इस्राएली लोक बव्हंशी कनानमधूनच उदयास आले आणि बाहेरून आलेला एखादा लहान गट व त्याची स्मृती त्यांच्यात मिसळली असावी, असे मत आज पुष्कळ विद्वान मांडतात. राजा दाविदाबद्दलही पूर्वी शंका घेतली जाई. परंतु १९९३ मध्ये तेल दान येथे सापडलेल्या, इ. स. पू. नवव्या शतकातील एका शिलालेखाच्या तुकड्यात 'दाविदाचे घराणे' असा उल्लेख मिळाला, तेव्हा त्या शंकेचा जोर कमी झाला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, आणि तिचे उदाहरण आपल्या गावातच आहे. आपल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने ती मशीद उभारली तेव्हा, सुमारे १५९० मध्ये, तो कोरला गेला. त्यात फारुकी राजांची वंशावळ दिली आहे. या लेखावरून काय सिद्ध होते? त्या काळी येथील सुलतान आपली वंशपरंपरा कशी सांगत होते, हे निश्चित सिद्ध होते. परंतु त्या वंशाचे अगदी पहिले मूळ कोठले, ते दगड सांगू शकत नाही. मर्नेप्ताहच्या शिळेचेही तसेच. त्या काळी इस्राएल नावाचे लोक कनानमध्ये होते, एवढे ती सांगते. अब्राहाम ऊर नगरातून निघाला की नाही, याविषयी ती मूक आहे. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच ऐकावे आणि तो जेथे थांबतो तेथे आपणही थांबावे, हा इतिहासाच्या अभ्यासातला पहिला नियम होय.

आता हा नियम मनाशी धरून पुन्हा कोकणाच्या किनाऱ्यावर येऊ.

गलबत केव्हा फुटले असावे, याविषयी चार-पाच मते आहेत, आणि प्रत्येक मत हिब्रूंच्या इतिहासातील एखाद्या संकटाशी जोडलेले आहे. असुरियाच्या सैन्याने इ. स. पू. ७२२ मध्ये उत्तरेकडील राज्य बुडविले आणि तेथील लोकांना देशोधडीला लावले. तेच लोक येथे आले, असे काहींना वाटते. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले, त्यानंतरची ही फाटाफूट असेल, असे दुसरे मत. इ. स. पू. १७५ मध्ये अँटायोकस एपिफेनीस हा ग्रीक वंशाचा राजा सीरियाच्या गादीवर आला आणि पुढे त्याने यहुदी धर्माचा छळ मांडला. त्या छळातून पळालेले हे लोक होत, असे समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी प्रतिपादिले. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर दुसऱ्यांदा उद्ध्वस्त केले, त्यानंतर हे लोक निघाले, असेही कोणी म्हणतात. आणि त्याहूनही पुष्कळ उशिरा, पाचव्या-सहाव्या शतकात, इराण किंवा येमेनमधून हे व्यापारी आले असावेत, असेही एक मत आहे.

यांपैकी केहिमकरांच्या मताला आधार देणारा एक युक्तिवाद मोठा मनोरंजक आहे. यहुद्यांमध्ये हनुक्का नावाचा दिव्यांचा सण आहे. अँटायोकसने भ्रष्ट केलेले मंदिर इ. स. पू. १६४ च्या सुमारास यहुद्यांनी परत मिळवून शुद्ध केले, त्याची ती आठवण. कोकणातील बेने इस्राएलांना पूर्वी हा सण ठाऊक नव्हता. म्हणून, तो सण सुरू होण्याच्या आधीच ते मायदेशातून निघाले असले पाहिजेत, असा हा तर्क. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु विचार करा : ज्यांचे ग्रंथ गेले, गुरू गेले, भाषाही गेली, त्यांना एखादा सण विसरणे अशक्य आहे काय? एखादी गोष्ट नसणे म्हणजे ती कधीच नव्हती, असे होत नाही. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा पुरावा दुबळा ठरतो.

गलबताच्या कथेबद्दलही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. समुद्रातून किनाऱ्याला लागलेल्या चौदा देहांपासून एका समाजाची उत्पत्ती झाली, अशी कथा चित्पावनांविषयीही सह्याद्रिखंडात सांगितली आहे. दोन्हीकडे चौदा हीच संख्या, दोन्हीकडे कोकणचाच किनारा. एका समाजाने दुसऱ्याची कथा उचलली, की कथा सांगण्याची ती त्या किनाऱ्याची जुनी रीतच होती, याचा निवाडा करणे कठीण. आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरांतही, आपण दूर देशाहून येऊन परशुरामाच्या भूमीत वसलो, असे वडीलधारी मंडळी सांगत असतात. समुद्राकाठच्या माणसाला आपले मूळ समुद्रापलीकडे दिसते, यात नवल ते काय? तरीही कथेतील स्थळ पोकळ नाही. चौल हे प्राचीन बंदर होते. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या ग्रंथात सेमुल्ला नावाचे जे बंदर येते, ते म्हणजेच चौल, असे विद्वान मानतात. तांबड्या समुद्राकडून आणि इराणच्या आखाताकडून गलबते तेथे येत. व्यापाराच्या या वाटेने काही यहुदी कुटुंबे येथे पोहोचली असणे पूर्णपणे संभवनीय आहे.

लेखी पुरावा मात्र फार उशिरा मिळतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस ईजिप्तमधील थोर यहुदी पंडित मायमोनिडीस याने एका पत्रात हिंदुस्थानातील यहुद्यांचा ओझरता उल्लेख केला आहे : त्यांना धर्मशास्त्र ठाऊक नाही, ते फक्त विश्रांतिवार पाळतात आणि आठव्या दिवशी मुलाची सुंता करतात. हे वर्णन आपल्या कोकणातील लोकांना नेमके लागू पडते. तथापि ते त्यांच्याचविषयी आहे की नाही, यावर मतभेद आहेत. नाव घेऊन केलेला उल्लेख १७३८ मधील सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रात आहे, आणि १७६८ मध्ये कोचीनचे यहुदी व्यापारी यहेज्केल रहाबी यांनी अ‍ॅमस्टरडॅमला पाठविलेल्या पत्रातही या तेलाचा धंदा करणाऱ्या लोकांची माहिती आहे.

अलीकडे विज्ञानानेही या प्रश्नाला हात घातला आहे. तेल अवीव आणि कॉर्नेल या विद्यापीठांतील संशोधकांनी १८ बेने इस्राएल व्यक्तींच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा ठळक अंश आढळला. यहुदी अंश मुख्यतः पितृपक्षाकडून आणि भारतीय अंश मुख्यतः मातृपक्षाकडून आलेला दिसतो. आणि हा संगम सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा असावा, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे पश्चिमेकडून आलेले पूर्वज होते, ही परंपरेची मूळ गोष्ट खरी ठरली. पण सात जोडप्यांखेरीज बाहेरचे रक्त मिसळलेच नाही, ही समजूत मात्र टिकत नाही. कोकणच्या लेकीही या समाजाच्या आया आहेत. गलबत कोणत्या साली फुटले, हे रक्ताच्या परीक्षेने कळत नाही.

एवढा काळ हे लोक आपले वेगळेपण टिकवून राहिले कसे? मला स्वतःला हा प्रश्न गलबताच्या तारखेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्यांच्यापाशी ग्रंथ नव्हता, मंदिर नव्हते, धर्मगुरू नव्हता. ते हिब्रू विसरले होते. स्त्रियांचा पेहराव, घरची भाषा, लग्नातली हळद, सारे आसपासच्या मराठी लोकांसारखे झाले होते. नावेसुद्धा मराठी वळणाची झाली : अब्राहामचा अबाजी झाला, शमुवेलचा समाजी, इसहाकचा इसाजी. आडनावे गावांवरून पडली : किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, नवगावचे नवगावकर. हिंदी चित्रपटांतील 'डेव्हिड' या नावाने प्रसिद्ध असलेले नट डेव्हिड अब्राहाम यांचे आडनाव चेउलकर होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. चेउल म्हणजेच चौल.

असे सर्व बाजूंनी मिसळून गेल्यावरही चार-पाच गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत ते काम करीत नसत. चूलही पेटवीत नसत. मुलगा जन्मला की आठव्या दिवशी सुंता होई. 'शमा' ही ईश्वराचे एकत्व सांगणारी एक छोटी हिब्रू प्रार्थना त्यांना पाठ होती. जन्म, विवाह, मृत्यू, प्रत्येक प्रसंगी तीच म्हणत, कारण दुसरी येतच नव्हती. खवले आणि पर असलेलेच मासे ते खात. समुद्राकाठच्या गावात राहून कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या यांना पिढ्यान्‌पिढ्या हात न लावणे म्हणजे काय, हे कोंकणी घरात वाढलेल्या मनुष्यास वेगळे सांगावे लागत नाही!

त्यांच्या सणांची जुनी नावे पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. प्रायश्चित्ताच्या दिवसाला ते 'दार फाळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून उपाशी घरात बसायचे. वल्हांडणाच्या सणात खमीर वर्ज्य. त्याला 'अनाशी ढाकाचा सण' असे नाव होते, कारण आंबट रसाचे भांडे त्या दिवसांत झाकून ठेवीत. मोशे, ईजिप्तमधील दास्य, सुटका, यांतले काहीच त्या नावात नाही. नावात आहे ते भांडे आणि त्यावरचे झाकण. सणाची कथा सांगणारे ग्रंथ नाहीसे झाले तरी गृहिणींनी सणाची कृती जपली.

याच कृतीवरून त्यांची ओळख पटली, असे परंपरा सांगते. दावीद रहाबी नावाचा एक यहुदी प्रवासी कोकणात आला. हे लोक खरोखर आपल्यापैकी आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले. त्यांनी खवल्या-परांचे मासे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. त्याने तीन तरुणांना धर्मविधी शिकविले. पुढे त्यांच्या घराण्यांत 'काजी' हे पद वंशपरंपरेने चालले. हा रहाबी हजार वर्षांपूर्वीचा, असे जुनी मंडळी म्हणत; तो अठराव्या शतकात कोचीनच्या प्रसिद्ध रहाबी घराण्यातून आला असावा, असे पुष्कळ इतिहासकार मानतात. गंमत पाहा : कनानच्या डोंगराळ वस्त्यांतही डुकराची हाडे क्वचितच सापडतात, आणि या प्राचीन लोकांचा माग काढताना संशोधकांना ही गोष्ट विचारात घ्यावी लागते. केवळ तेवढ्यावरून एखादा समाज ओळखता येत नाही हे खरे. तरी स्वयंपाकघर हेही इतिहासाचे एक दफ्तर आहे, हे यावरून कळून येईल.

पुढचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकात बेने इस्राएल मुंबईत येऊ लागले आणि कंपनी सरकारच्या पलटणींत भरती झाले. त्यांपैकी समाजी हसाजी दिवेकर हे म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले होते. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. प्रार्थनामंदिराला हे लोक 'मशीद'च म्हणत. तेथील सॅम्युएल स्ट्रीट हे रस्त्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. हेतू धर्मप्रसाराचा होता. पण या लोकांनी भाषा घेतली आणि धर्म बहुतेकांनी आपलाच ठेवला. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाचा विधिग्रंथ हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत निघाला; त्यातील चित्रांत लुगडी नेसलेल्या स्त्रिया सणाची तयारी करताना दिसतात. मोशेची आख्याने मराठी कीर्तनात रंगू लागली. केहिमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला; तो ग्रंथरूपाने १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, तेल अवीव येथे छापला गेला.

आता या इतिहासातील कटू भाग. समाजात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. आपण शुद्ध वंशाचे आणि दुसरे मिश्र विवाहाचे, असे म्हणून गोरे इस्राएल काळ्यांशी रोटीबेटीव्यवहार टाळीत. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि बेने इस्राएल हजारोंच्या संख्येने तिकडे जाऊ लागले. तेथे १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने विवाह लावणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना सूचना दिली की, बेने इस्राएलांपैकी कोणी लग्न नोंदविण्यास आले तर त्यांच्या मातृपक्षाच्या पिढ्यांची शक्य तितकी मागे जाऊन चौकशी करावी. शुद्धाशुद्धतेचा जो प्रश्न घरातल्या घरात एका भावाने दुसऱ्याला केला होता, तोच आता साऱ्यांना एकसरसकट विचारला गेला. ज्यांचे कागद समुद्रात बुडाले असे त्यांची परंपराच सांगते, त्यांनी पणजीच्या पणजीचा दाखला कोठून आणावा? त्यांनी यरुशलेम येथे धरणे धरले. अखेर १९६४ मध्ये, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, असे तेथील शासनाने जाहीर केले आणि धर्मपीठाला सूचनेतून त्यांचे नाव काढावे लागले.

भारतात राहिलेल्या यहुद्यांची संख्या आज अगदी अल्प आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. इस्राएलमध्ये गेलेल्यांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या स्मरणार्थ पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करण्याची कोकणची रीत त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून गेली. पूर्वी शनिवार आणि शमा घेऊन ते इकडे आले. आता मराठी आणि मलिदा घेऊन तिकडे गेले.

तर मग, विद्यार्थिमित्रहो, ते 'मूळचे कोठले'? कनानचे म्हणावे, तर त्यांच्या कित्येक आया कोकणच्या. कोकणचे म्हणावे, तर शमा ही प्रार्थना कोकणातली नव्हे. गलबताचे वर्ष निश्चित सांगता येत नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्याला पुरावा विचारण्याचा तुम्हांस अधिकार आहे. मात्र एक गोष्ट निश्चित सांगता येते : आठवड्यातून एक दिवस घाणा बंद ठेवायचा, ही शिस्त त्यांनी पाळली. एका दिवसाची कमाई दर आठवड्याला बुडविणे गरीब तेल्याला सोपे नसते. ते नुकसान पिढ्यान्‌पिढ्या सोसले गेले म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना वेगळे नाव दिले, आणि ते वेगळे दिसले म्हणूनच पुढे कोणा रहाबीला ते ओळखू आले.

पुढच्या जून महिन्यात वर्गात नवा मुलगा येईल. "मूळचा कोठला?" हे त्याला अवश्य विचारा, त्यात जिज्ञासा आहे, आपुलकीही आहे. पण त्याच्या उत्तराचा दाखला मागू नका. त्यापेक्षा त्याच्या घरी कोणता सण कसा करतात, आजी काय सांगते, कोणता पदार्थ कोणत्या दिवशी वर्ज्य असतो, हे विचारा. त्याला आपले मूळ गाव कदाचित सांगता येणार नाही. पण या प्रश्नांची उत्तरे तो नक्की देईल, आणि ती टिपून ठेवाल तर तुमच्या हातून थोडासा इतिहासच लिहिला जाईल.